पाहुण्या मोजल्या का?

गद्रे सरांनी माझी पंखाची आकृती नवव्यांदा परत केली, त्या दिवशी मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागच्या नळावर जाऊन रडले. हे लिहायला आज जरा लाज वाटते. पण सरांबद्दल लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण त्यांच्या बऱ्याच विद्यार्थ्यांची सुरुवात त्याच नळावर झाली आहे. नळापाशी एक दगड होता. तो आमच्या बसण्याने गुळगुळीत झाला होता असं लिहायचा मोह होतोय, पण सरांनी त्या वाक्याशेजारी लाल पेन्सिलीने 'पुरावा?' असं लिहिलं असतं.

पंख होता मेफ्लायचा. मेफ्लाय हा पाण्याकाठचा एक नाजूक किडा. सगळं आयुष्य दगडाखाली, पाण्यात काढतो. मग एखाद्या संध्याकाळी पंख फुटून वर येतो आणि एक-दोन दिवसांत मरतो. आमच्याकडे हडपसरला त्याला दिव्याचा किडा म्हणतात, आणि दिव्यावर येणाऱ्या बाकीच्या सगळ्या किड्यांनाही दिव्याचा किडाच म्हणतात. सरांचं आयुष्य या सगळ्यांतून तो एक वेगळा काढण्यात आणि मग त्याच्यातल्या जाती वेगळ्या काढण्यात गेलं होतं.

जाती ओळखायच्या त्या मुख्यतः पंखांवरून. पुढचा पंख मोठा, तिकोनी. मागचा तिळाएवढा, आणि काहींना तोही नसतो. पंखभर शिरांचं जाळं. मुख्य शिरा पंखाच्या मुळातून निघून कडेपर्यंत जातात. पण कडेला, दोन मुख्य शिरांच्या मधल्या फटीत, काही आखूड शिरा असतात. त्या मुळापर्यंत पोचतच नाहीत. सर त्यांना पाहुण्या म्हणायचे. कुठल्या फटीत पाहुणी एकटी आहे, कुठे जोडीने आहे, किती आहेत, यावर बरंच काही ठरतं. त्यामुळे सरांचा दिवसातला पहिला प्रश्न 'कशा आहात' हा नसे.

"अहो कुंजीरबाई, पाहुण्या मोजल्या का?"

मला तोवर आयुष्यात कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं होतं, दुसरी कोण कुंजीरबाई आली म्हणून. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील एका कारखान्यात फिटर, आई हडपसरच्या मंडईत पालेभाजी घेऊन बसायची. पदवीपर्यंत शिकले तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. एम.एस्सी.ला वडील म्हणाले, "दोन वर्षं. तिसरं न्हाई." ते काही रागाने म्हणाले नव्हते. दुसऱ्या वर्षाअखेर एक छोटा प्रबंध द्यायचा होता. खडकवासल्यापासून येरवड्याच्या बंधाऱ्यापर्यंत मिळणारे मेफ्लाय आणि त्यांची पंखांवरून ओळख. त्यावर सरांची सही हवी. ती झाली की निकाल, आणि निकाल हातात असला तर जूनपासून हडपसरच्याच एका ज्युनिअर कॉलेजात शिक्षिकेची जागा मला देऊ केलेली होती. सगळं त्या सहीवर अडलं होतं, आणि सर पाहुण्या मोजत होते.

सर पन्नाशीचे, किडकिडीत. चौकड्यांचा बुशशर्ट, आणि गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. मायक्रोस्कोपमध्ये पाहताना चष्मा कपाळावर सारायचे आणि डोकं वर काढलं की चष्मा शोधू लागायचे. टेबलावर, खिशात, माझ्या वहीखाली. मग प्रयोगशाळेचे शिपाई गेनूमामा कोपऱ्यातून न उठता म्हणायचे, "कपाळाला हाय." सर "बरं" म्हणून चष्मा खाली घ्यायचे. हे दिवसातून चार-पाच वेळा व्हायचं. दोघांपैकी कुणालाही त्यात काही गमतीचं वाटत नसे.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "दिसतं ते काढा. माहीत आहे ते काढू नका." पुस्तकातला पंख पाहून माझ्या हाताला वळण पडलं होतं, पंखात एखादी शीर मधेच तुटलेली असली तरी मी ती पूर्ण काढायचे. सर पेन्सिलीच्या टोकाने तिथे टोचायचे. "ही आहे का इथे?"

"असायला पाहिजे सर."

"असायला तर आपल्या कॉलेजात पंखेही पाहिजेत."

आणि कागद परत. नऊ वेळा! नवव्या वेळी चूक कुठे होती माहीत आहे? एक पाहुणी मी जरा लांब काढली होती. जरा म्हणजे केसाच्या जाडीएवढी. मी म्हटलं, "सर, एवढ्याने जात बदलणार नाही." ते म्हणाले, "नाही बदलणार. पण तुम्हाला सवय लागेल." मी नळावर गेले.

सरांबरोबर बाहेर जाणं तर आणखी कठीण. एकदा खडकवासल्याहून पकडलेले किडे घेऊन आम्ही बसने परत येत होतो. सर, गेनूमामा आणि मी. किड्याचा गळून पडलेला पंख चुरगळू नये म्हणून सर तो कागदाच्या तिकोनी घडीत ठेवायचे, आणि त्यांच्या मते त्या घडीला बसच्या तिकिटासारखा कागद नाही. ना जाड, ना पातळ. सिंहगड रस्त्यावर तिकीट तपासनीस चढला. सरांनी खिशातून घडी काढून दाखवली.

"उघडा," तपासनीस म्हणाला.

"उघडता येणार नाही. आत पंख आहे."

"कसला पंख?"

"डावा."

तपासनिसाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. गेनूमामांनी मधे पडून समजावलं, "साहेब, नंबर वरनंच दिसतोय की, जरा वाकून बघा." पण तपासनीसही पुण्याचाच. तो म्हणाला, "मी वाकायचा पगार घेत नाही." अख्खी बस ऐकत होती. शेवटी सरांनी दंड भरला, दंडाची पावती घेतली, ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "हा कागद जाड आहे." ज्या माणसाकडून मला वेळेत सही हवी होती, तो हा माणूस.

आता गेनूमामांविषयी सांगायला हवं. ते पानशेतकडचे. सर नवे अधिव्याख्याते होते तेव्हापासून त्यांच्याबरोबर. पाण्यात उतरायचं काम मामांचं. सरांना पोहता येत नसे. फार वर्षांपूर्वी मामांनी नदीकाठी एक मेफ्लाय पकडला होता. त्याचे पंख धुरकट, काजळी धरलेल्या काचेसारखे. असा किडा सरांनी आधी पाहिला नव्हता, पुस्तकांत सापडला नाही. सरांनी त्याचं वर्णन लिहून, आकृती काढून छापलं. नवी जात म्हणून. आणि तिला मामांचं नाव दिलं. त्या जातीचा तो एकच नमुना, पुन्हा कधी मिळाला नाही. त्याच्या पंखांची स्लाइड एका लाकडी पेटीत, कापसात ठेवलेली असे.

दर वर्षी नवी मुलं आली की पहिल्या तासाआधी मामा ती पेटी उघडून दाखवायचे. हात लावू द्यायचे नाहीत. "ह्यो माझ्या नावाचा किडा. गेनू. म्होरं लॅटिनमधी शेपूट लावलंय. परदेशात बी ह्योच शब्द." एखादा मुलगा विचारायचा, "मामा, एकच का?" मामा म्हणायचे, "मी बी एकच हाय की."

सरांनी आयुष्यात नाव दिलेली ती एकुलती एक जात. या गोष्टीचा ते स्वतः उल्लेख करत नसत. पण पेटीची किल्ली त्यांच्याकडे असायची.

माझी आकृती नवव्यांदा परत आली ती पंख फाटके मिळत होते म्हणूनही. सरांचा नियम होता, किडा सापडला की तिथल्या तिथे स्पिरिटच्या बाटलीत. बाटलीतून प्रयोगशाळेपर्यंत येताना पंखांच्या कडा झिजायच्या, आणि पाहुण्या नेमक्या कडेलाच. मला ताजा, अख्खा पंख हवा होता. खडकवासल्याचा कालवा आमच्या घरामागून जातो. मी त्यातले दगड उलटून मेफ्लायची पाण्यातली पिल्लं गोळा केली आणि अंगणात एका घमेल्यात, पाण्यात, दगडांसकट ठेवली. वर आईच्या जुन्या वायल पातळाचा तुकडा ताणून बांधला.

आई म्हणाली, "लोकं मासं पाळत्यात, कोंबड्या पाळत्यात."

चौथ्या दिवशी संध्याकाळी कापडाच्या आतल्या बाजूला एक किडा बसलेला दिसला. पंख मिटून, उभे धरून. धुरकट पंख. काजळी धरलेल्या काचेसारखे. मी भिंग लावलं. पंखाच्या मागच्या कडेला बारीक केसांची झालर. मामांच्या किड्याच्या छापलेल्या आकृतीत अशीच झालर होती. सरांनी एकेक केस काढलेला.

जगातला दुसरा नमुना, आणि तो माझ्या घमेल्यात! स्पिरिटची बाटली कॉलेजात राहिली होती. म्हटलं सकाळी लवकर आणू, कापड घट्ट आहे, जातोय कुठे.

सकाळी कापडावर धुरकट किडा तसाच बसलेला होता. पण हलेना. बोट लावलं तर तो पोकळ होता. कात होती ती. आणि वीतभर अंतरावर एक दुसरा किडा बसला होता, पंख काचेसारखे स्वच्छ. तो मी लगेच ओळखला. न ओळखून कसं चालेल; त्याच्याच पंखाची आकृती मी नऊ वेळा काढली होती. मुठा नदीतला सगळ्यात साधा, सगळ्यात जास्त मिळणारा मेफ्लाय.

किड्यांमध्ये पंख फुटल्यानंतरही पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकच. पाण्यातून वर येतो तेव्हा पंख धुरकट, कडेला केस. काही तासांनी कात टाकतो आणि मग स्वच्छ पंखांचा होतो. हे काही मी शोधलेलं नाही. हे पुस्तकात आहे, सरांनीच शिकवलं होतं, आणि मी ते परीक्षेत दोन गुणांना लिहिलं होतं. पण ते वाक्य आणि मामांची पेटी एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मला तरी कुठे सुचलं होतं? पोकळ कातीला बोट लागलं म्हणून कळलं.

पुढच्या आठवड्यात आणखी चार धुरकट निघाले. तीन मी तसेच राहू दिले. सकाळी तिघांच्याही काता आणि तीन साधे मेफ्लाय. एक धुरकट असतानाच स्पिरिटमध्ये घातला. तो हुबेहूब मामांचा किडा झाला. म्हणजे मामांची जात ही जातच नव्हती.

आता इथे मी जे केलं ते सांगायला हवं. प्रबंध द्यायला तीन आठवडे राहिले होते. सही सरांच्या हातात. मी काता एका काडेपेटीत ठेवून ती काडेपेटी दप्तरात तळाशी टाकली. आणि प्रबंधाच्या यादीत मामांची जात वेगळी म्हणून लिहिली, पुढे 'नमुना एक, हडपसर कालवा'. खोटं असं काही लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आईला तेवढं खरं सांगितलं.

आई भाजीच्या जुड्या बांधत होती. "तुमच्या सरास्नी डोळं हायत का नुसता चष्मा?"

"आई, ते फार हुशार आहेत."

"मग सांग की. हुशार माणसाला सांगितलं तर कळंल."

"सही नाही केली तर?"

आईने जुडी बांधली. मग म्हणाली, "ते मला काय म्हाईत." ती नेहमी माहीत असेल तेवढंच बोलायची.

सरांनी यादीचं पान वाचलं आणि चष्मा कपाळावर सारला. समोर मायक्रोस्कोप नव्हता तरी. "हडपसर?"

"हो सर. कालव्यात."

"गेनू!" सर ओरडले. मी त्यांना ओरडताना प्रथमच ऐकलं. "गेनू, तुझा दुसरा सापडला!"

पुढचा अर्धा तास मला आठवतो तो अंगावर काटा येऊन. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मामा बाहेर जाऊन भजी घेऊन आले, गरम, वर्तमानपत्रात बांधलेली, आणि सगळ्यात आधी माझ्यापुढे धरली. "घ्या ताई. तुमी आमचं नाव राखलं." शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या लोकांनाही मामांनी बोलावलं. सर माझा नमुना मायक्रोस्कोपखाली घेऊन बसले होते आणि पाठमोरेच बोलत होते. "छान. फार छान. झालर अगदी तशीच. अहो कुंजीरबाई, पाहुण्या मोजल्या का?"

"मोजल्या सर."

"किती?"

मी सांगितल्या. कुठे जोडी, कुठे एकटी, सगळं. आणि तोंडून निघून गेलं, "नेहमीइतक्याच आहेत."

सरांची पाठ थांबली. "नेहमीच्या म्हणजे कुणाच्या?"

भजं माझ्या हातात होतं. मी ते खाली ठेवलं, दप्तरातून काडेपेटी काढली आणि त्यांच्यापुढे उघडली. "ह्या त्याच्या काता आहेत सर," एवढंच म्हणाले.

सरांनी एक कात चिमट्याने उचलली. बराच वेळ पाहिली. मग किल्ली काढून पेटी उघडली, स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. कपाटातून त्यांचा तो जुना छापील लेख काढला, आकृती उघडून शेजारी ठेवली. आणि आकृतीकडे पाहत म्हणाले, "आकृती बरोबर आहे. केस न् केस बरोबर आहे." मग, "काढणारा ठीक होता. वाचणारा गाढव होता."

मामा दारात उभे होते. त्यांना काय समजलं होतं कोण जाणे. सर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "गेनू, भजी झाकून ठेव. गार होतील."

मला वाटलं, आता सगळं संपलं. एक तर सही नाही, किंवा लगेच सही. पण सर म्हणजे सर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "चार काता पुरेशा नाहीत. दहा हव्यात."

माझ्याकडे बारा दिवस होते. टंकलेखनाला पाच जाणार, बांधणीला दोन. आणि दहा काता! त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी सुटलं. दोन वर्षांत मी सरांपुढे 'हो सर'च्या पलीकडे फार काही बोलले नव्हते. "सर," मी म्हटलं, "चूक तुमची आहे आणि वर्ष माझं जाणार आहे. माझ्या घरी तिसरं वर्ष नाही. नोकरी जूनमधली आहे. किडे काही मला विचारून कात टाकत नाहीत."

सरांनी चष्मा शोधला. कोपऱ्यातून कुणी 'कपाळाला हाय' म्हणालं नाही. मामा तिथे नव्हते. सरांनी स्वतःच तो खाली घेतला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मग मी येतो. तुमच्याकडे सकाळी किती वाजता टाकतात कात?"

आणि ते खरंच आले. सकाळी साडेसहाच्या बसने हडपसरला, मामांना घेऊन. येताना दोन घमेली आणली होती, बसमध्ये काखेत धरून. आमच्या अंगणात गोणपाटावर मांडी घालून बसले. पुढचे सहा दिवस रोज आले. सरांनी माझ्या आईला 'अहो, आपण' म्हटलं तेव्हा आईनेही माझ्यासारखंच मागे वळून पाहिलं.

पहिल्या सकाळी आईने भाकरी आणि मेथीची भाजी पुढे ठेवली. सरांचे डोळे कापडावर. "गुरुजी, खावा की," आई म्हणाली, "किडा पळून जात न्हाई."

"पळणारच आहे, कातीतून," सर म्हणाले. "हेच मला उशिरा कळलं."

साडेसातच्या सुमाराला एक धुरकट किडा हलू लागला. पाठीवर चीर पडली. आधी डोकं बाहेर, मग पाय, मग जुन्या पंखांतून नवे पंख ओढून काढले, ओल्या हातमोज्यातून बोटं काढावीत तसे. सगळं दोन-तीन मिनिटांत. कात तिथेच राहिली आणि किडा बाजूला सरकून बसला, काचेच्या पंखांचा. मामा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. आयुष्यभर त्यांनी हजारो किडे पकडले, पण एकाही किड्याला ते एवढा वेळ देऊ शकले नव्हते. बाटली सतत हातात असायची.

"म्हंजी सर," मामा हळूच म्हणाले, "माझा अजून वाढायचा ऱ्हायला हुता."

"हो गेनू."

"आन् आपण त्याला बाटलीत घातला."

"मी घालायला सांगितला. तू तर म्हणाला होतास, जरा थांबू, फडफडतोय."

मामांना ते आठवत नव्हतं. सरांना आठवत होतं. मी कापडाची गाठ सैल करायच्या निमित्ताने तिथून उठले. आई आत भाकरी थापत होती, तिचा आवाज तेवढा येत राहिला.

सहाव्या दिवशी दहा काता झाल्या. अकरावी निघाली ती सरांनी मोजायला नकार दिला, 'दहा म्हणजे दहा' म्हणून. मी प्रबंधाचं ते प्रकरण पुन्हा लिहिलं, रात्रंदिवस टंकून घेतलं. बांधणी करून न्यायच्या दिवशी दुपारी तीनला सही घ्यायला गेले. पाचला प्रबंध घेणारी खिडकी बंद. सरांनी सगळं पुन्हा वाचायला घेतलं. सगळं! मी घड्याळाकडे पाहत होते. साडेतीन. चार. चारला एका वाक्यावर लाल पेन्सिल टेकली. मी लिहिलं होतं, 'पूर्वीच्या वर्णनात काही त्रुटी राहिल्या असाव्यात असे वाटते.'

"काही त्रुटी? असाव्यात? वाटते?" सर म्हणाले. "दिसतं ते काढा, बाई." आणि टंकलेल्या, बांधलेल्या पानावर, माझ्या डोळ्यांदेखत, वाक्य खोडून वर शाईने लिहिलं: 'ही गद्रे यांची चूक आहे.' मग शेवटच्या पानावर सही केली. सहीच्या शेपटाशी शाईचा थेंब पडला. तो टिपायला त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं, उघडून पाहिलं, आत काही नाही याची खात्री केली आणि मग टिपलं.

मी धावले. पाचला दहा कमी असताना पोचले. खिडकीतल्या कारकुनाने खाडाखोड पाहून भुवया उंचावल्या. "हे चालेल का?" मी विचारलं. "सही त्यांचीच, चूकही त्यांचीच," तो म्हणाला, "आमचं काय जातंय." आणि शिक्का मारला.

नोकरी मिळाली. अजून तिथेच शिकवते.

नंतरच्या वर्षी एकदा कॉलेजात गेले होते तेव्हा मामा नव्या मुलांना पेटी दाखवत होते. मी दाराशीच थांबले, मला वाटलं होतं, माझ्यामुळे ते पेटी दाखवणं बंद झालं असेल. मामा सांगत होते, "ह्यो माझ्या नावाचा किडा हुता. मग त्यो मोठा झाला, नाव बदललं. पोरींचं न्हाई का बदलत?" आणि मुलं हसली.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते बसमधून. ते निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. रात्री आठची वेळ, लकडी पुलाच्या अलीकडे बस गर्दीत अडकली होती. रस्त्याकडेला एक चष्म्याचं दुकान, बाहेर काचेवर ट्यूबलाइट. त्या काचेला नाक लावून सर उभे होते. चष्मा कपाळावर, गळ्यात नाडी. शेजारी गेनूमामा पिशवी धरून, म्हातारे झालेले. मी खिडकीतून हाक मारणार, तोच बस सुटली. खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता ते मला ठाऊक होतं. पण पुढच्या थांब्यावर उतरले आणि उलटी चालत आले. ते दोघे गेले होते.

दुकानदार गल्ल्याशी वैतागून बसला होता. मी विचारलं, "इथे आत्ता दोन गृहस्थ होते..."

"होते. अर्धा तास होते," तो म्हणाला. "एवढ्या वेळात गिऱ्हाईक चष्मा करून घेऊन घरी जातं. मला वाटलं ह्यांना नंबर काढायचाय. तर म्हणे, तुमच्या काचेवर एक बसलाय. म्हटलं, आजोबा, न्या त्याला. तर म्हणे, नेत नाही, त्याला सकाळपर्यंत राहू द्या. काच पुसू नका."

मी काचेकडे पाहिलं. ट्यूबच्या जरा खाली बसला होता, पंख मिटून, उभे. धुरकट.

"रोज आठला पुसतो मी काच," दुकानदार म्हणाला. हातात फडकं होतं, कोरडं. "सव्वाआठ झालेत."

"सकाळी किती वाजता उघडता?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही पण त्यांच्यातल्याच का?"

सरांनी अशा वेळी आधी पुरावा मागितला असता. मी म्हटलं, "हो."